बसल्या पावलाचं माप

रद्दी वर्तमानपत्रावर पाऊल टेकवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, की एक बारीक खरखर होते. ती खरखर आणि तिच्यात मिसळलेला कांद्याचा उग्र दर्प, एवढ्यावर माझं सटाण्याचं अवघं बालपण उभं आहे. दर्प कांद्याचा, पण तो यायचा पुस्तकातून. भाड्याने पुस्तकं देणारी आमची लायब्ररी कांदा साठवायच्या चाळीला लागूनच होती. त्यामुळे गोष्टीत खून कुठल्या का राजवाड्यात होईना, पानापानाला कांदाच दरवळायचा. आजही रहस्यकथा उघडली की मी आधी ती नाकाशी नेते, आणि हल्लीच्या कोऱ्या, निर्गंध पुस्तकांवर उगाचच रुसते.

ही गोडी आईची. चपलेच्या दुकानात जाऊन परक्या पुरुषापुढे पाऊल करायचं, ही रीत तिच्या सासरी नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, कामाला नाशिकला निघाले की त्यांच्याबरोबर तिच्या पावलाचं कागदी माप जायचं, आणि ते काढायचा मान माझा. आई खाटेच्या कडेला बसून एक पाय माझ्या स्वाधीन करायची आणि पुस्तकात तोंड खुपसायची. मी पेन्सिल अगदी उभी धरून, जीभ दातांत दाबून, टाचेपासून अंगठ्यापर्यंत रेघ ओढायचे. हलू नको गं, असं मीच तिला दटावायचे. मग ते कागदाचं पाऊल कात्रीने कापून दादांच्या खिशात ठेवलं, की जगातलं एक अवघड काम पार पडल्यासारखं वाटायचं.

आईची वाचायची तऱ्हा मात्र मला मुळीच मान्य नव्हती. ती शेवटचं पान आधी वाचायची. कोण मेलं, कोणी मारलं हे कळलं म्हणजे जीव थाऱ्यावर राहतो, मग खून निवांत वाचता येतात, हे तिचं तत्त्वज्ञान. मी चिडायचे. शेवट ठाऊक असलेल्या रहस्यात उरतं तरी काय? पुढे मी शाळेत शिकवू लागले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एखाद्या भारदस्त ग्रंथाआड रहस्यकथा लपवून वाचायचे, हेही आता कबूल करून टाकते. विद्वान माणसं या पुस्तकांना हसतात. हसोत बापडी. काही पुस्तकं मिरवायला असतात आणि काही घालून चालायला. दिवसभर उभं राहून शिणलेल्या जिवाला दुसरी बरी, असं माझं मत आहे.

तर, दादा नाशिकहून चपला आणायचे. आई पायात घालून दोन पावलं टाकायची आणि म्हणायची, "बरोबर शे." ‘आहे’साठीचा बागलाणातला तो ‘शे’ तिच्या तोंडी इतका गोड लागायचा, की मी महिनाभर ऐटीत असायचे. माप माझं होतं ना!

परवा माझी टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी मऊ बूट घ्यायला सांगितले. आई आता नाशिकला, इंदिरानगरमध्ये माझ्याकडेच असते. वयाची ऐंशी उलटली, भिंग लावून वाचते, पण शेवटचं पान अजून आधीच. निघताना म्हटलं, तिलाही नवी चप्पल आणू. ती सोफ्यावर वाचत बसली होती. मी कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले, माप काढलं, पर्समध्ये ठेवलं.

मेन रोडवरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी तो कागद चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, "माप बसून घेतलं की उभ्याने?" मी म्हटलं, बसून. "मग हे पाऊल चालायचं नाही, ताई." त्यांनी माझाच पाय कागदावर ठेवायला लावला, बसलेली रेघ काढली, मग उभं करून दुसरी. दोन रेघांमध्ये करंगळीच्या बाजूला चांगलं अर्ध्या बोटाचं अंतर पडलं. देहाचा भार आला की पाऊल पसरतं, हे त्यांनी किती सहज सांगितलं!

मी मात्र तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले. शेवटच्या पानाआधी खुनी ओळखण्याचा मला केवढा गर्व! आणि घरातले पुरावे? लग्नाच्या पंगतीत आई चपला काढून पाय आत ओढून घ्यायची. पायाच्या करंगळीला कायम चिंधी असायची. देवळात ती अनवाणी जायची, आणि आम्ही तिला मोठी भाविक समजायचो. वर्षानुवर्षं तिला टोचणारी रेघ मी काढली होती, जीभ दातांत दाबून, अगदी मन लावून. मला फार वाईट वाटलं. बूट न घेताच घरी आले.

आईला विचारलं, चपला चावायच्या हे बोलली का नाहीस? तिने भिंग बाजूला केलं. म्हणाली, "माप चुकलं म्हणून दादा तुला बोलले असते. मग तू परत पेन्सिल धरली असती का?" पुढे म्हणाली, "दिवसभरात माझ्या पायाशी कोणी बसायचं, ते तेवढंच."

म्हणजे शेवट तिला इथेही आधीच ठाऊक होता, आणि तरी ती दर वेळी पाय पुढे करत होती. मी वर्तमानपत्र अंथरलं आणि म्हटलं, ऊठ, उभी राहा. तिने पुस्तक ठेवलं. तोल सावरायला आता दोन्ही हात मोकळे हवे होते, त्यातला एक तिने माझ्या डोक्यावर टेकवला. इतक्या वर्षांत माप काढताना तिचा हात कधी मोकळाच नव्हता. पेन्सिलीची तीच बारीक खरखर सुरू झाली. करंगळीशी भोवरीची टणक गाठ लागली. तिथे मी हात सैल सोडला आणि पाऊल जिथवर पसरलं होतं तिथवर रेघ जाऊ दिली.

मी उठायला लागले, तर डोक्यावरचा हात जरा दाबला गेला. आई म्हणाली, "थांब, दुसरा पाय राहिला."