शुक्रवारचा गजरा

नल्लकुंट्याच्या बाजारात मोगऱ्याचा वास आला, की मला आमच्या तारनाक्याच्या घराचं दार आठवतं. शेजारच्या सरोजाअक्का दर शुक्रवारी आईसाठी गजरा आणायच्या. केमोने आईचे केस गेले, त्या आठवड्यातही त्या आल्या. मी दारातच म्हटलं, "अक्का, आता नका आणू. आईला वाईट वाटेल."

"हातात धरून बसतील की वहिनी," त्या हळूच म्हणाल्या. मग ओला गजरा पदराखाली घेऊन परतल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. मला वाटलं, मी आईला जपलं.

पुढे एका शुक्रवारी दाराकडे बघत आईने विचारलं, "माझ्या आजाराला अक्कासुद्धा घाबरल्या का गं?"

मी तिची उशी सारखी करत राहिले. त्यानंतर आईला अकरा शुक्रवार मिळाले. एकाही शुक्रवारी मी खरं बोलले नाही.