फवारणीवाल्याची पेन्सिल

"लिहिलं का?"

असं विचारताना तो कानावरची शिसपेन्सिल काढायचा आणि आपल्याच तळहातावर दोनदा टेकवायचा. रेशनच्या दुकानदाराला, दवाखान्यातल्या कंपाउंडरला, नळाची तक्रार ऐकून मान डोलावणाऱ्या फिटरला, सगळ्यांना त्याचा हाच प्रश्न. "सांगितलं ते ठीक हाय. पण लिहिलं का?" समोरचा चिडायचा. मग हा शांतपणे पेन्सिल पुढे करायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अक्षरओळख उशिरा झालेली असते आणि त्यामुळे कागदावर त्यांची भलतीच श्रद्धा असते. तो विशी उलटल्यावर रात्रीच्या शाळेत लिहायला शिकला होता. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणी सही केलेली नव्हती, सगळे अंगठे. पेन्सिल तो अशी दाबायचा की टोक दर दोन ओळींनी मोडायचं आणि कागदाच्या मागे अक्षरं उठून यायची. मी त्याला एकदा म्हटलं होतं, "अरे, कागदावर लिहितोयस की जमीन नांगरतोयस?" त्यावर तो हसला होता. "पुसलं नाय पाह्यजे, भाऊ."

नाशकात नदीच्या खालच्या अंगाला आमची वस्ती होती. पुढच्या आळीत आम्ही कारकून, मास्तर आणि यात्रेकरूंचे विधी चालवणारी काही घरं, मागच्या आळीत बौद्ध कुटुंबं. तो मागच्या आळीतला. हिवताप खात्यात फवारणी कामगार होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. खाकी कपडे, नाकाला रुमाल, पाठीवर पंप. त्याला आम्ही सगळे अरेतुरे करत होतो. तो मात्र पुढच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही "अहो" म्हणायचा.

घरात फवारणीला आला की तो उंबऱ्याबाहेर थांबून म्हणायचा, "पाण्याचे हंडे तुम्हीच झाका. पीठ तुम्हीच उचला. मी हात लावत नाय." औषध अन्नात जाऊ नये म्हणून झाकायचं हे खरं. पण "तुम्हीच" हा शब्द तो आमच्याच आळीत वापरायचा, हे माझ्या फार वर्षांनी लक्षात आलं. आपल्याला कुणी सांगण्याआधी आपणच सांगून टाकायची त्याची रीत होती ती. तो गेल्यावर माझी आई उंबऱ्यावर पाणी शिंपडायची, आणि मी तेव्हा पेपर वाचत असायचो.

फवारणी झाली की चौकटीवर गेरूने तारीख टाकायची असा खात्याचा नियम. बाकीचे कामगार दोन फराटे ओढून पुढे सटकत. हा सबंध तारीख, किती खोल्या, कोणती सोडली, सगळं लिहून खाली सही करायचा. आमच्या दिवाळीच्या रंगकामात त्याची अक्षरं काही केल्या झाकली जात नसत. आई त्याला शिव्या घालायची.

आता त्या माश्यांचं सांगतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की आमच्या वस्तीसमोर वाळूचा रुंद पट्टा उघडा पडायचा. संध्याकाळी तिथे बसायला सगळी वस्ती यायची, विधींसाठी यात्रेकरू यायचे. त्या वर्षी तिथे माश्या सुटल्या. दिसायला घरमाशीसारख्याच, पण चावायच्या. घोट्याला अशा डसायच्या की मोज्यातून रक्त यायचं. यात्रेकरू पाय आपटत विधी करू लागले, आणि पिंड ठेवता ठेवता मांडीवर चापट मारणारे शोकाकुल नातेवाईक बघून आम्हाला हसू आवरेना. पुढे ते यात्रेकरू येईनासे झाले, तेव्हा मात्र हसू थांबलं.

वस्तीचं एक मंडळ होतं. अध्यक्षांचं स्वतःचं यात्रेकरूंसाठीचं उतरण्याचं घर होतं. चिटणीस मी. सातपूरच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो, पण चिटणीस झालो तो अक्षरावर. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणायचे आणि मला ते पटायचं.

अध्यक्षांनी खात्याकडे अर्ज केला, वाळूवर डीडीटी मारा. खात्याचं उत्तर आलं, की हे घरांचं औषध आहे, नदीजवळ उघड्यावर मारायचं तर एकाही रहिवाशाचा विरोध नसल्याचा ठराव पाठवा. सभा बोलावली, पण ही अट अध्यक्षांनी आमच्या दोघांतच ठेवली. घरटी एक मत, म्हणजे मागच्या आळीलाही मत होतं.

आमच्या सभांची एक पद्धत होती. सुरुवातीलाच वहीच्या कोऱ्या पानावर खालच्या अर्ध्यात हजेरीच्या सह्या घ्यायच्या. ठराव मी मागाहून घरी निवांत बसून वरच्या रिकाम्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहायचो. सगळ्यांना हे माहीत होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण चहा गार व्हायच्या आत सभा उरकायची.

त्या दिवशी तो उठून उभा राहिला. हातात एक पत्र्याचा डबा. डबा त्याने टेबलावर पालथा केला आणि आतून कुजलेली झेंडूची फुलं, पाणवेलींचा लगदा आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या बाहेर पडल्या. अध्यक्षांनी खुर्ची मागे घेतली.

"माशी वाळूत नाय," तो म्हणाला. "माशी हितं जन्मते. काठाला निर्माल्याचे आन शेणाचे ढीग कुजत्यात ना, त्यात. ते उचला. दोन रविवार समदे मिळून लागू, मी पयला येतो. औषध मारून वरची माशी मरंल, खालची उद्या उडंल. आन शनिवारी वरून धरणाचं पाणी सुटतं. समदं धुऊन खालच्या डोहात जाईल. तिथं भोयांची मासळी हाय."

"निर्माल्यात किडे होतात म्हणतोस?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्या म्हनत नाय. तुमच्या म्होरं पडलेत."

लोक हसले, आणि तिथेच त्याचं काम बिघडलं. त्या ढिगांपैकी बरेच अध्यक्षांच्या यात्रेकरूंचे होते. ते उचलायचे म्हणजे ते कुणाचे हे आधी ठरवावं लागलं असतं, आणि उचलायला वाकायचं कुणी, हेही. पुढच्या आळीतले लोक फुलांच्या ढिगापाशी वाकतील, असं त्याला खरोखर वाटलं होतं. इतकी वर्षं आमच्या घरात येऊनही त्याने आम्हाला ओळखलं नव्हतं.

फवारणीच्या बाजूने हात वर झाले. त्याच्या आळीतलेही वर झाले, त्यांनाही माश्या चावत होत्याच. विरोधात त्याचा एकट्याचा. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, झालं."

सभा उठल्यावर तो माझ्यापाशी आला. "भाऊ, वही द्या." त्याने आपली सही शोधली, कानावरची पेन्सिल काढली आणि सहीच्या बाजूला दाबून एक शब्द लिहिला. विरोध. मग म्हणाला, "वर तुम्ही शाईनं लिहालच."

"लिहीन की," मी म्हणालो.

घरी येऊन मी वही उघडली. अध्यक्ष वाटेतच सांगून गेले होते, की एका माणसासाठी अख्खी वस्ती अडवायची का ते तू बघ. धमकी नव्हती त्यात. धमकी असती तर मला आज थोडं बरं वाटलं असतं. मी खोडरबर घेतलं. चांगलं पाच मिनिटं घासावं लागलं. कागदाला तिथे लव आली, पण शब्द गेला. वर मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'सर्वानुमते ठरले की'. 'सर्वानुमते' हा शब्द मला फार छान काढता यायचा.

आठवड्याने हुकूम आला आणि फवारणीला खात्याने त्यालाच पाठवलं, आमचीच वस्ती म्हणून. सकाळी पंप पाठीवर घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला.

"लिहिलं का, भाऊ?"

मी दाढी करत होतो. आरशातूनच म्हणालो, "लिहिलंय."

"मंग ठीक. नोकरी हाय, हुकूम पाळावा लागंल. उद्या कुनी इचारलं तर कागद बोलंल."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं होतंस. मीही हेच म्हणतो, इतकी वर्षं म्हणतोय. तोंडाला साबण होता, एवढंच मला आठवतं.

त्याने वाळूवर पांढरे पट्टे ओढले. पाण्यापासून वीस पावलं सोडून थांबला, तर अध्यक्ष काठी टेकत मागून आले आणि काठीनेच दाखवू लागले, इथेही, इथेही, अगदी कडेपर्यंत. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.

शनिवारी पाणी सुटलं. रविवारी सकाळी खालच्या डोहात मासे पोट वर करून तरंगत होते. भोयांच्या बायका काठावर बसून होत्या. बाजारात त्या महिन्यात त्यांच्या टोपलीला कुणी हात लावला नाही. ढीग जागचे हलले नव्हतेच, त्यामुळे पंधरा दिवसांत माश्याही परत आल्या, आणि वस्तीत बोललं जाऊ लागलं की त्या फवारणीवाल्याला औषध कालवताच येत नाही. सगळ्यात मोठ्याने अध्यक्षच बोलत होते, हे सांगायला नको.

भोयांनी अर्ज केला आणि खात्याचा एक साहेब चौकशीला आला. अध्यक्षांच्या ओसरीवर टेबल मांडलं. साहेबाने फवारणीवाल्याला विचारलं, "तुला धोका माहीत होता म्हणतोस, मग बोलला का नाहीस?"

"बोललो, साहेब. आन लिहिलंय. वहीत बघा." तो अगदी निश्चिंतपणे बोलला. त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग असावा, जेव्हा त्याचा कागद त्याच्या बाजूने उभा राहणार होता.

वही माझ्या हातात होती. मी पान उघडून धरलं. साहेबाने वाचलं. सर्वानुमते. खाली त्याची सही.

"तुझीच का सही?"

"व्हय. बाजूला बघा ना."

साहेबाने बाजूला बोट फिरवलं. "इथे कागद खरखरीत आहे. काय हो चिटणीस?"

पानाच्या मागे माझा अंगठा होता. त्याला तो शब्द लागत होता. वेलांटी, काना-मात्रा, सगळं. पान उलटलं असतं तर साहेबाला दिसलं असतं.

"वही जुनी आहे, साहेब," मी म्हणालो.

 फवारणीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. दुकानातून आणलेला कंदील लागत नाही म्हटल्यावर माणूस त्या कंदिलाकडे पाहतो, तसं काहीसं. मग कानावरची पेन्सिल काढून त्याने खिशात ठेवली. साहेबाने निष्कर्ष लिहिला, की कामगाराने ठरावाला संमती दिली आणि औषध निष्काळजीपणे पाण्याच्या कडेला मारलं. त्याचं सुपरवायझर होण्यासाठी नाव गेलं होतं, ते परत आलं. सुरगाण्याकडच्या डोंगरात बदली झाली.

जाण्याआधी वस्तीत त्याची एक फेरी राहिली होती. आमच्या घरी तो आला, हंडे झाकायला काही सांगितलं नाही, आईनेच झाकले. फवारलं, आणि चौकटीवर इतरांसारखे दोन फराटे ओढून निघून गेला. त्या दिवाळीला ते रंगाच्या एका हातात झाकले गेले. आई खूश झाली.

मंडळ पुढे मोडलं. वही माझ्या ट्रंकेत राहिली. तिला मी हात लावत नव्हतो, आणि टाकूनही देत नव्हतो. सात-आठ वर्षांनी मागच्या आळीतल्या एकाकडून कळलं की तो नोकरी सोडून सायखेड्याला, बायकोच्या गावी राहतो. एका रविवारी वही पिशवीत घालून मी एसटीत बसलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं आणि तीनदा बदललं.

घर सापडलं. बायको अंगणात लसूण सोलत होती. मी विचारलं, तशी ती म्हणाली, "त्यास्नी जाऊन दोन वर्षं झाली. छातीत लय कफ व्हता. तुम्ही कोन?"

मी सांगितलं. तिने लसणाची परडी बाजूला ठेवली. "वहीवाले," एवढंच म्हणाली. मला बसायला पोतं टाकलं, चहा ठेवला.

मी वही काढली आणि ते पान दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने सहीवर बोट ठेवलं, मग बाजूच्या खरखरीत जागेवर, आणि माझ्याकडे न बघता पान उलटलं. मागच्या बाजूने अक्षरं अजून उठलेली होती, उलटी. तिने त्यावरून बोट सावकाश फिरवलं.

"हे त्यांचंच," ती म्हणाली. "असंच दाबायचे. काय हाय ह्ये?"

"विरोध," मी म्हणालो.

"येवढंच तर सांगायचे मरंस्तवर. मी लिहिलं व्हतं म्हनायचे. माझे भाऊसुदिक हसायचे त्यास्नी." तिने पान परत उलटलं. "खोडलं कुनी?"

"मी."

तिने वही मिटली, पदराने पुसली आणि मांडीवर धरून बसली. चहा उतू गेला तरी उठली नाही.

"आता ह्ये कुनाला दाखवू, भाऊ?"

 वही तिच्याकडेच ठेवून मी स्टँडकडे चालू लागलो. नाशिकची गाडी लागायला अजून पाऊण तास होता.