मामानं दिलेला मॅक

आमच्या दाजींचं आणि माझं भांडण असं कधी झालं नाही, पण कॉम्प्युटरवरून मात्र दरवर्षी वाजायचं. ते मळवलीचे, मी लोणावळ्यातला. मी एका ऑफिसात चिक्कीच्या खोक्यांवरची चित्रं आणि बंगल्यांच्या जाहिराती जुळवतो, तेही मॅकवर. दाजी तळेगावकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. त्यांच्या घरी असेंबल केलेला विंडोजचा डबा होता. डबा हा माझा शब्द. त्याचं एका बाजूचं झाकण कायम काढून ठेवलेलं, कारण दाजी दर दिवाळीला त्यात काहीतरी नवं बसवत. कधी रॅम, कधी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी.

जेवायला बसलं की दाजी सुरू करत. "आजून दोन स्लॉट रिकामं हायेत, पाव्हणं. तुमच्या मॅकमधी काय घालता येतं का?"

"घालायची वेळच येत नाही, दाजी," मी म्हणायचो, आणि ताई दोघांच्याही ताटात न विचारता भात वाढायची.

हे वाक्य मी फार ऐटीत फेकायचो. तो मॅक ऑफिसचा होता आणि माझ्या स्वतःच्या घरी कुठलाच कॉम्प्युटर नव्हता, हे मी दाजींना कधी कळू दिलं नाही.

भाची मेकॅनिकल इंजिनीअरिंगला गेली. तिथं यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करायला शिकवायला लागले आणि पोरगी त्यात बुडाली. घरातला मिक्सर बिघडला की तो दुरुस्तीला जायच्या आधी ही खोलून बसायची, आतलं चाक हातात घेऊन फिरवून बघायची. मला म्हणाली, "मामा, मला हेच करायचंय. आयुष्यभर." घरात इतकं ठाम कुणी काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते, घरी सराव करायला मशीन हवं होतं. दाजींनी ठरवलं, आपल्याच डब्यातल्या रिकाम्या स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचं, रॅम वाढवायची, झालं काम.

माझं डोकं फिरलं. माझी भाची झाकण काढलेल्या डब्यावर शिकणार? आमच्याकडे मामाचा मान मोठा. भाचीच्या बारशापासून लग्नापर्यंत पहिला आहेर मामाचा आणि मामानं आणलं त्याला कुणी नावं ठेवत नाही. मी जाहीर करून टाकलं की कॉम्प्युटर मामा घेणार.

दुकानात ती माझ्याबरोबर होती. हळूच म्हणाली, "मामा, आमच्या सरांनी विंडोजचा सांगितलाय."

"सर सगळ्यांना परवडेल असं सांगतात. मॅकवर सगळं चालतं."

दुकानदार माझ्या ओळखीचा, तोही म्हणाला की मेमरी जास्तीची हवी असेल तर आत्ताच घ्या, यात नंतर वाढवता येत नाही. मी हात उडवून म्हटलं, एवढी पुष्कळ झाली. माझ्या ऑफिसात एवढ्यातच भागत होतं.

मळवलीला त्या मॅक लॅपटॉपचं स्वागत नव्या ट्रॅक्टरसारखं झालं. ताईनं पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, झाकणावर ओल्या बोटानं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि आळीभर पेढे वाटले. बाया येऊन मॅक बघत होत्या आणि मग मला बघत होत्या. मला लय भारी वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दाजी पेढा खाऊन बाहेर गेले आणि थोड्या वेळानं एका मित्राला घेऊन आले. दोघांनी मिळून डबा उचलला. "मंडळाच्या पोरांना पत्रिका छापायला लागतोय," ते म्हणाले. "हितं आता कशाला दोन दोन?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटलं, चला, शेवटी आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मॅकवर बसतच नव्हतं, ते फक्त विंडोजसाठी बनवलेलं. ऑफिसातल्या एकानं सांगितलं की मॅकच्या आत विंडोज चालवता येतं. कामावरून सुटून मी तडक मळवलीला गेलो आणि तो खटाटोपही करून पाहिला. विंडोज चाललं, सॉफ्टवेअरही उघडलं. पण भाचीनं पडद्यावर एक साधा नट फिरवायला घेतला की सगळं गोठायचं. मेमरी पुरत नव्हती. आणि ती वाढवता येत नव्हती.

दाजी एकदाही "बघा, मी म्हणत होतो" असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दुकानात बदलून मिळंल का?"

मी दुकानदाराला फोन लावला. तो सरळ माणूस. म्हणाला, उद्या घेऊन या, विंडोजचा देतो.

तेवढ्यात ताई आतून आली. "पुजल्याली वस्तू माघारी देत्यात व्हय? आन् तीबी मामानं दिल्याली? सगळ्या आळीला पेढं वाटल्यात मी. लोकं काय म्हंत्याल, मामाचा आहेर विकला?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. ताईनं पाहिलं. भाचीही पाहत होती. मी दिलेली वस्तू होती, त्यामुळे बोलायचा हक्क माझा एकट्याचा होता. "ताई, मी चुकलो, बदलूया," एवढं म्हटलं असतं तर तिनं मुकाट्यानं ऐकलं असतं. मी खाली मान घालून बसून राहिलो. आणि ताई आडवी आली म्हणून मला आतून सुटल्यासारखं वाटलं. मॅक परत गेला असता तर मी आळीत तोंडघशी पडलो असतो, ते टळलं होतं. मला लाज वाटते ती त्या सुटल्यासारखं वाटण्याची. चुकीचं मशीन घेणं काय, कुणाच्याही हातून होतं.

"ऱ्हाऊ द्या," भाचीच म्हणाली. "मी लॅबमधी करीन."

मंडळाला दिलेला डबा परत मागायचं नाव कुणी काढलं नाही. दिलेलं परत मागत नाहीत, तीही आमचीच रीत.

त्यानंतर मी मळवलीला जाणं कमी केलं. कामाचं कारण सांगायचो. फोनवर विचारलं की भाची म्हणायची, "मस्त चाललंय, मामा." मी पुढचं विचारत नसे.

परवा ताईनं बोलावलंच, म्हणून गेलो. भाची ओसरीवर मॅक घेऊन काहीतरी टाइप करत बसली होती. मी उगाच विचारलं, ड्रॉइंग कुठवर आली?

"ते सोडलं मी. पुढच्या वर्षाला दुसरा विषय घेतला, मॅनेजमेंटचा. नुसत्या लॅबवर बाकीच्यांच्या बरोबरीनं व्हईना, मामा. घरी ज्यांच्याकडं मशीन हाय ते लय पुढं गेले."

मी म्हटलं, आपण उद्याच विंडोजचा घेऊ, चल. माझा आवाज नको इतका मोठा झाला होता.

"आता विषय बदलून मिळत न्हाई," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिलाच कसंतरी झालं असावं. तिनं मॅक माझ्याकडे वळवला. "ह्या विषयाला नुसतं टायपिंगच लागतंय, मामा. बघा ना, किती पटकन उघडतंय."

मी पाहिलं. खरंच पटकन उघडत होतं.