बेंबीभोवतीचे डाग

“टोच की आता,” सर म्हणाले. सुई माझ्या हातात होती आणि हात पुढे जात नव्हता.

नव्वदीतली गोष्ट. शाहूपुरीतल्या सरांच्या नर्सिंग होममध्ये लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन, नुकतं सुरू झालं होतं. मी सरांचा असिस्टंट. टेबलावर हातकणंगल्याकडची सुनीता, भूल दिलेली. पित्ताशयात खडे. यात आधी पोट गॅसनं फुगवतात. त्यासाठी बेंबीतून घालायची पहिली सुई आंधळी जाते, कॅमेरा नंतर. बारीक माणसाची महाधमनी बेंबीखाली जेमतेम दोन बोटांवर असते, आणि सुनीता अगदीच काटकुळी. मला त्या सुईची कायम धास्ती वाटायची, खोटं कशाला बोलू?

त्यात बेंबीभोवती तापल्या सळईनं डागल्याचे जुने व्रण दिसले.

“सर, हिला लहानपणी डागलंय.”

“अर्ध्या जिल्ह्याला डागलंय. कातडीवरचं आहे ते. टोच.”

“कशासाठी डागलं, तेवढं विचारून येतो.”

“आत्ता?”

सरांच्या तोंडाकडे न बघता ग्लोव्हज काढले आणि बाहेर आलो. दारात तिची आई उभी होती.

“मावशी, लेकीला डागलं कशापायी?”

तिनं आधी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाली, “ताप जाईना बघा. पोट फुगून टम्म व्हायचं. डागून बी गुण आला न्हाय. मग टीबीची औषधं दिली, तवा बरी झाली.”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“डागलं म्हटलं की डॉक्टर लोकं वरडत्यात.”

पोटाच्या टीबीत आतडी आतून पोटाच्या भिंतीला चिकटून बसू शकतात. सरांना सांगितलं. त्यांनी ब्लेड माझ्यापुढे धरलं.

“ओपन जा,” म्हणाले.

म्हणजे सुई टोचायची नाही. बेंबीजवळ लहान चिरा घ्यायचा आणि एकेक थर डोळ्यांनी बघत उघडायचा. शेवटचा पातळ पडदा चिमट्यात उचलला. उघडलं. आतडं तिथंच होतं, बेंबीला घट्ट चिकटलेलं. सुई सरळ त्यातच गेली असती, आम्हाला कळलंही नसतं, आणि दोन-चार दिवसांत पोटात पू होऊन बाई हातची गेली असती.

सरांनी दुर्बीण बाजूला ठेवायला लावली आणि मोठा चिरा घेऊन पित्ताशय काढलं.

संध्याकाळी नवरा भडकला. “भोकं पाडतो म्हनलासा की! ह्यो एवढा चिरा?”

“बायको घरी न्यायची आहे ना?” सर म्हणाले.

डागणं वाईटच. पण तपासताना त्यावरून ओरडणं मी सोडलं. ओरडायचंच असेल तर टाके काढताना ओरडतो.