फेब्रुवारीतली मेणबत्ती

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की बंगळूरमधलं, हेब्बाळचं आमचं जुनं घर आठवतं. आईचं अख्खं वर्ष घरातल्या वेदीखालच्या पत्र्याच्या डब्यात मावायचं: नाताळाआधीच्या चार रविवारांच्या मेणबत्त्या, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची वाळकी झावळी, आणि फेब्रुवारीत फादरांनी आशीर्वाद दिलेली एक मेणबत्ती, घरातल्या कुणाच्या अखेरच्या घटकेला हातात द्यायची. पंच्याण्णव साली, पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेआधी रोज वीज जायची. अभ्यासाला मी ती आशीर्वादाची मेणबत्ती जाळून संपवली आणि डब्यात कोपऱ्यावरच्या अंगडीतून विकत आणलेली साधी ठेवली. पुढच्या फेब्रुवारीत बदलू म्हटलं. पण पावसाळ्यातच एका दुपारी पप्पांचा श्वास अडखळू लागला. फादर अजून वाटेत होते. "डबा आण, लवकर," आई म्हणाली. तिने मेणबत्ती पेटवली, पप्पांची बोटं तिच्याभोवती मिटून धरली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "घाबरू नका हो, आशीर्वादाची आहे." पप्पा घाबरलेलेच होते. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ती अंगडीतली मेणबत्ती जळताना बघत होतो. फादर आले तेव्हा सगळं संपलं होतं. परवा चर्चमधून येताना आईने नवी मेणबत्ती माझ्या हातात ठेवली. "ही माझी. पप्पांची सांभाळलीस तशीच सांभाळ." मी हो म्हणालो.