घरातल्या घरात सायकल

माझ्या भावाचं म्हणणं असं, की जगातल्या प्रत्येक अडचणीवर कुठे ना कुठे एक यंत्र निघालेलं असतं, फक्त शोधायचा कंटाळा करायचा नाही. तो पुण्याला असतो. बाबा माझ्याकडे असतात, म्हणजे खरं तर मी बाबांकडे असते, जबलपुरात, कांचघर भागातल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात. त्यामुळे भाऊ यंत्रं शोधतो आणि मी अडचण सांभाळते. दुरून डोंगर साजरे, असं मी एकदा त्याला फोनवर चिडून म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने मला स्मार्ट ट्रेनरची लिंक पाठवली.

स्मार्ट ट्रेनर म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. सायकलचं मागचं चाक काढायचं आणि सायकल त्या यंत्रावर बसवायची. मग ती जागच्या जागी चालते. समोर टॅबलेट लावला की त्यावर रस्ता दिसतो, आणि त्या रस्त्याला चढ आला की यंत्र आपोआप पेडल जड करतं. भावाच्या फ्लॅटमध्ये असं एक आहे. पावसाळाभर तो त्याच्यावर बसून कुठल्या कुठल्या घाटांत जाऊन येतो. किंमत तो देणार होता, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की बाबा त्यावर बसतील का, आणि बसले तर आमच्या दाराची कडी निघेल का.

कडीचं सांगते. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. संरक्षण खात्याच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. सगळी नोकरी सायकलवर केली, आणि निवृत्त झाल्यावरही सकाळी सायकल काढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. गेल्या वर्षापासून त्यांना विसरायला होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग गल्लीतल्या माणसांची नावं, मग आईला जाऊन किती वर्षं झाली ते. या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते विजेचं बिल भरायला म्हणून सायकलवर निघाले आणि दुपारपर्यंत परतले नाहीत. मी राइट टाउनच्या एका शाळेत शिकवते. शेवटच्या तासाला अनोळखी नंबरवरून फोन आला. "दीदी, बाबूजी हमारे यहाँ बैठे हैं. घबराइए मत, चाय पी रहे हैं."

कुंडमच्या रस्त्यावर, शहर संपून झाडी लागते तिथल्या चहाच्या टपरीवरून तो माणूस बोलत होता. बिलावर माझा नंबर लिहिलेला होता म्हणून माझा पत्ता लागला. मी ऑटो करून पोचले तेव्हा बाबा बाकावर बसून टपरीवाल्याला त्याच्या स्टोव्हचा पंप कुठे गळतो ते समजावत होते. मला बघून म्हणाले, "तू काहून आली? मी येतच होतो." सायकलचं तोंड मात्र कुंडमकडे होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, सायकल सोडवू नका, तब्येतीला ती हवीच आहे. फक्त एकट्यांना रस्त्यावर जाऊ देऊ नका. सांगायला काय जातं. मी शाळेत, शेजारीपाजारी आपापल्या कामात. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, तर बाबांनी तिच्या पोळ्यांना कडेला जाडी जास्त आहे म्हणून त्या तीनदा परत पाठवल्या आणि ती चौथ्या दिवशी आलीच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. शेवटी शाळेत जाताना मी दाराला बाहेरून कडी घालायला लागले. सकाळी सात ते दुपारी दीड.

पहिल्या दिवशी आतून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी मी पायऱ्या उतरले आणि आतून सायकलची घंटी ऐकू आली, एकदाच. त्या दिवशी मला वर्गात काही शिकवता आलं नाही, मुलांवर मात्र मी यथेच्छ ओरडले. घरी आल्यावर बाबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विसरले असतील, असं मी मनाला सांगितलं. त्यांच्या विसरण्याचा मला तेवढाच एक फायदा होता आणि तो मी घेत होते. हे लिहिताना लाज वाटते.

तीन आठवडे भाऊ आणि मी ट्रेनरवर चर्चा केली. कोणता कमी आवाज करतो, कोणता हलत नाही, आमच्या घरातलं वायफाय पुरेल का. लोकांनी लिहिलेले अनुभव मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून वाचायचे. कुणी म्हणे पैसे वसूल झाले, कुणी म्हणे महिन्याभरात कपडे वाळत घालायला उपयोगी पडला. घरात कोंडलेल्या म्हाताऱ्याला तो कसा वाटतो, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. भाऊ म्हणायचा, "ताई, त्यांना सायकल मिळेल आणि तुला शांती. चलो, घेऊन टाकू." त्याला यातलं सगळं कळत होतं, फक्त कडीचा आवाज ऐकू येत नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मात्र मी त्याला म्हणाले नाही. तोही पोरगा बापासाठीच धडपडत होता.

आता घोडं अडलं होतं ते आमच्या घरच्या रीतीवर. बाबांनी पास केल्याशिवाय आमच्याकडे कुठलीही वस्तू आत येत नाही. कारखान्यात त्यांच्या टेबलावरून माल तीनच ठिकाणी जायचा: पास, रिजेक्ट, नाहीतर दुरुस्तीसाठी परत. घरीही तेच चाललं. कुकर, छताचा पंखा, माझी स्कूटी, सगळं त्या टेबलावरून गेलेलं. मला बघायला आलेली तीन स्थळंही रिजेक्ट झाली; चौथं मीच रिजेक्ट केलं, आणि पाचवं आलंच नाही. माल बघायचा, आणणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. एका दिवाळीच्या तोंडावर सोबतच्या माणसांनी हात जोडले होते, लॉट अडला तर सगळ्यांचा ओव्हरटाइम बुडेल म्हणून. बाबांनी तरी तो अडवला, आणि पंधरा दिवस सायकल स्टँडवर त्यांच्याशी कुणी बोललं नाही. आई सांगायची, घरी येऊन ते जेवायचे नाहीत धड, पण सही केली नाही.

तेव्हा ट्रेनर आणायचा तर तोही बाबांनीच पास करायला हवा होता. मी एक खोटं रचलं. माझी साखर वाढली आहे, डॉक्टरांनी मला घरात सायकल चालवायला सांगितलं आहे, तुम्ही जरा मशीन बघून द्या. आमच्या शाळेच्या पीटीच्या सरांकडे तसा ट्रेनर होता. एका रविवारी सकाळी बाबांना स्कूटीवर मागे बसवून मी त्यांच्या घरी नेलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मांडीवर रेक्झिनची पिशवी होती. पिशवीत मापं घ्यायचं व्हर्निअर, बॅटरी आणि छोटी स्पिरिट लेव्हल.

तो तासभर मी कधी विसरणार नाही. बाबांनी ट्रेनर जमिनीवर समतल बसला आहे का ते पाहिलं, त्याचे पाय हलवून पाहिले, बॅटरी मारून आतली फट पाहिली. सरांना एकामागून एक प्रश्न विचारले. चढ आला हे मशीनला कळतं कसं, लोहचुंबक कुठे आहे, तापतं किती. सरांना निम्म्यांची उत्तरं येत नव्हती. बाबांचा आवाज स्वच्छ होता, एकही प्रश्न ते दोनदा विचारत नव्हते. मला वाटायला लागलं, यांना काही झालेलंच नाही, मीच उगाच यांना कोंडून ठेवते आहे. त्या विचाराने मला तिथल्या तिथे रडू येईल असं झालं, म्हणून मी सरांच्या बायकोमागे स्वयंपाकघरात गेले आणि नको असताना पाणी प्यायले.

परत आले तेव्हा बाबा सरांना हिंदीत सांगत होते, की यावर गिअरची सायकल लागते. आमच्या घरच्या काळ्या सायकलला मागे एकच दातेरी चक्र, एकच फ्रीव्हील आहे, ती यावर बसणारच नाही. भावाने आणि मी तीन आठवडे आवाजाची नि वायफायची तुलना केली होती. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. म्हणजे ट्रेनर घेतला तर सायकलही दुसरी येणार, आणि बाबांची सायकल नुसती भिंतीला उभी राहणार.

मग ते स्वतः चढून बसले. टॅबलेटवर हिरव्या शेतांमधला कुठला तरी परदेशी रस्ता सुरू झाला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मान खाली घालून ते बेअरिंगचा आवाज ऐकत पेडल मारत राहिले. पाच मिनिटांनी उतरले, रुमालाने हात पुसले आणि सरांना म्हणाले, "बढ़िया चीज़ है. पास." सर खूश झाले. मीही हसले असेन.

घरी येताना रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी यायची होती, मी स्कूटी बंद करून थांबले. मागून बाबा म्हणाले, "मशीन चांगली आहे. पण हे तुझ्यासाठी नाही. रस्ता तर मी भुलून राहिलो, तू नाही."

बाजूला एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, फाटक काही त्याच्यासाठी उघडणार नव्हतं.

"सायकल नाही ते," बाबा म्हणाले. "सायकलीनं माणूस कुठंतरी पोचते. कारखान्यात असतं तर मी परत पाठवलं असतं."

"मग पास काहून केलं, बाबा?"

आरशात ते मांडीवरची पिशवी नीट करताना दिसले. मला वाटलं, प्रश्न विसरले.

"तू तिकडे शाळेत बसून घाबरून राहते," ते म्हणाले. "घे. मी बसत जाईन."

उभ्या आयुष्यात बाबांनी आणणाऱ्याचं तोंड बघून माल पास केला नव्हता. आज केला, आणि ते तोंड माझं होतं. मला म्हणता आलं असतं की राहू द्या, नको घेऊ या, मी नोकरी सोडते, मी तुमच्याबरोबर रोज सायकलवर येते. यातलं एकही मला करता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि सातला शाळेला निघायचं होतं. फाटक उघडलं. मी "बरं" म्हणाले आणि स्कूटी सुरू केली.