पाच रीस्टार्ट

माझी धाकटी जाऊ शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली ती धागे कापायला. आज ती तिथला कॉम्प्युटर सांभाळते. मधल्या अकरा वर्षांत काय केलंस, असं विचारलं तर म्हणते, "काही नाही हो ताई, काही बिघडलं की तिथे जाऊन उभी राहायचे."

भरतकामाचं मशीन आणि कापड कापायचं मशीन, दोन्हींचे प्रोग्रॅम जुने आणि एकमेकांशी मुळीच न पटणारे. त्यांचे दोन कॉम्प्युटर अगदी मरायला टेकलेले. जावेने मालकांना एकच नवा घ्यायला लावला आणि त्याच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीन मांडली. म्हणजे खोका एक, आत दोन वेगळे कॉम्प्युटर असल्यासारखी दोन बिऱ्हाडं. एकाला भरतकामाची वायर, दुसऱ्याला कटिंगची.

झकास चाललं होतं. पण रीस्टार्ट केलं की जी वायर आधी जागी होई ती पहिला नंबर पटकावी, आणि कधीकधी एकाची वायर दुसऱ्याच्या घरात जाई. मग दोन्ही मशीनवर लाल दिवा आणि कारागीर हातावर हात ठेवून.

मालक वैतागले. "सोमवारी पाच वेळा रीस्टार्ट करून दाखव. एकदा जरी चुकलं तर मी दोन खोके आणतो, आणि तू परत धाग्यांच्या टेबलावर."

चार दिवस भाजीत मीठ दोनदा, चहात साखर नाहीच. नंबर बदलतो ना, मग वायरीच्या आत कोरलेल्या ओळख क्रमांकावरून वाटणी करू, असं तिने ठरवलं. तर दोन्ही वायरींचा क्रमांक एकच! "जुळ्या मुलींना एकच नाव ठेवलंय मेल्यांनी!" ती अशी ओरडली की सासूबाई धावत आल्या. मग रविवारी दुपारी तिने टाळीच वाजवली. "नाव गेलं उडत! मी पत्ता धरते. खोक्यामागच्या वरच्या सॉकेटात जी असेल ती भरतकामाची, मग ती केव्हाही जागी होवो."

सोमवारी डबा विसरून गेली, म्हणून मी तो द्यायला गेले. पहिलाच रीस्टार्ट. दोन्हीकडे लाल दिवा.

"जाऊ दे," मालक म्हणाले. "टेबल रिकामंच आहे."

जाऊ पांढरीफटक पडली. मग एकदम गुडघ्यांवर बसून खोक्यामागे डोकावली. "इथली धूळ कुणी पुसली?"

"मी!" झाडलोट करणाऱ्या मावशी ऐटीत म्हणाल्या. "तुझी परीक्षा ना आज? वायरी काढून चकाचक केलं. परत लावल्यासुद्धा."

"कुठली कुठे लावलीत?"

"दोन भोकं, दोन वायरी. त्यात कुठली काय?"

सगळा कारखाना हसला. मालकही. जाऊ म्हणाली, "चूक माझीच. पत्ता ठरवला, पाटीच लावली नाही." तिने वायरींची अदलाबदल केली. रिळांतून लाल दोरा घेऊन वरच्या वायरीला बांधला, त्याचाच तुकडा सॉकेटाशेजारी चिकटवला. खालच्या जोडीला निळा.

"मोजणी पहिल्यापासून," मालक म्हणाले.

एक. दोन. तीन. धागे कापणाऱ्या बायका टेबल सोडून भोवती जमल्या. चार! पाचव्यांदा मालकांनी स्वतः भिंतीतला प्लगच खेचला, थोडं थांबून परत लावला. पंखा घरघरला. मी डबा छातीशी धरून उभी. तोच सुई खटखट खाली आली, पलीकडे पातं सरसर धावलं, आणि बायकांनी एकच गिल्ला केला.

"पुरे आता, ऑर्डर खोळंबलीय," मालक म्हणाले.

"थांबा हो साहेब! आणखी एकदा. हा माझ्या हौसेचा."

तिचा हात पोचायच्या आत मावशींनी बटण दाबलंसुद्धा.